विंडोज ११चं अपग्रेड अर्ध्यावरून मागे फिरतंय? पुन्हा बटण दाबण्याआधी हे तपासा

लक्षणं

डाउनलोड पूर्ण होतं. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, काळ्या पडद्यावर टक्के चढायला लागतात. कधी तिशीत, कधी साठीत, कधी अगदी ८०च्या पुढे जाऊन मशीन पुन्हा रीस्टार्ट होतं, बराच वेळ नुसता लोगो दिसतो आणि मग ती ओळ येते : 'अनडूइंग चेंजेस मेड टु युअर कॉम्प्युटर'. काही वेळाने जुनं विंडोज १० जसंच्या तसं समोर. दुसऱ्या दिवशी विंडोज अपडेट तेच अपग्रेड पुन्हा देऊ करतं आणि पुन्हा तेच घडतं.

याच घरातली आणखी काही लक्षणं : डाउनलोड एका ठरावीक आकड्यावर तासन्‌तास खिळून राहणं, 'सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' असा संदेश, किंवा सुरुवातीलाच 'हा पीसी किमान अटी पूर्ण करत नाही' असं सांगून दार बंद होणं.

विंडोज १०ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तोवर ज्यांनी अपग्रेड पुढे ढकललं होतं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे जुनी, भरलेली, वर्षानुवर्षं साफ न केलेली मशीन आहेत. माझ्याकडे येतात त्यातली बहुतेक अशीच. येणाऱ्याचं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं : "पाच-सहा वेळा करून बघितलं, होतच नाही."

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते इथेच. काहीही न बदलता तेच अपग्रेड पुन्हा चालवू नका. मागे फिरणं हा मुळात बिघाड नाही. नवी विंडोज या मशीनवर नीट उभी राहणार नाही असं सेटअपच्या लक्षात आलं आणि त्याने तुमची जुनी विंडोज सुखरूप परत आणून ठेवली. कारण तसंच राहिलं तर दहाव्या वेळीही ते तेच करणार. आणि दर प्रयत्नात डिस्कवर कित्येक जीबी लिहिलं जातं, पुसलं जातं. डिस्क आधीच थकलेली असेल तर हाच खेळ तिला संपवतो.

सुरुवातीआधी दोन कामं

फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि उतरलेल्या दोन-चार फाइली उघडून बघा. उघडल्या तरच बॅकअप झाला असं समजायचं.

दुसरं काम बिटलॉकरच्या, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या, रिकव्हरी कीचं. अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. फर्मवेअरमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, काही बदललं की मशीन ४८ आकडी की मागतं. ती नसेल तर डेटा गेला. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून की दिसते का बघा आणि कागदावर उतरवा.

आधी कोड वाचा

टक्क्यांचा आकडा फारसं काही सांगत नाही. कोड सांगतो. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथे अपडेट हिस्टरी, तिथे 'फेल्ड' लिहिलेल्या ओळीवर टिचकी मारली की कोड दिसतो. अनेकदा तो दोन तुकड्यांत असतो, मध्ये आडवी रेघ. दोन्ही तुकड्यांच्या सुरुवातीचं शून्य आणि एक्स सोडून द्या.

पहिला तुकडा काय बिघडलं ते सांगतो. 'सी१९००१०१' म्हणजे बहुतेक वेळा ड्रायव्हर (मशीनचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारा प्रोग्राम). '८००७००७०' म्हणजे जागा कमी. 'सी१९००२०८' म्हणजे एखादा प्रोग्राम आड येतोय. 'सी१९००२००' म्हणजे मशीन किमान अटींत बसत नाही.

दुसऱ्या तुकड्याचा पहिला आकडा कुठल्या टप्प्यावर बिघडलं ते सांगतो, आणि माझ्या लेखी तोच जास्त कामाचा. १ असेल तर जुनी विंडोज चालू असतानाच, फाइली उतरवताना किंवा तपासणी चालू असताना गाडी अडली. २ असेल तर पहिल्या रीस्टार्टनंतर सेटअप ज्या छोट्या तात्पुरत्या विंडोजमध्ये काम करतं, तिथे. ३ म्हणजे नवी विंडोज पहिल्यांदा उठताना. इथे ड्रायव्हरवर संशय घ्यायचा. ४ म्हणजे दुसऱ्या बूटला, तुमची खाती आणि सेटिंग्ज नव्या घरात हलवताना. कोड कागदावर लिहून ठेवा. पुढच्या प्रयत्नात आकडा २चा ३ झाला तर अपग्रेड पुन्हा फसलेलं असलं तरी एक अडथळा दूर झालाय, हे त्यातून कळतं.

बाहेरचं सगळं काढा

फुकट आणि दोन मिनिटांचं काम. प्रिंटर, बाहेरची डिस्क, पेनड्राइव्ह, डॉकिंग स्टेशन, वेबकॅम, दुसरा मॉनिटर, सगळं काढा. माउस, कीबोर्ड आणि चार्जर राहू द्या.

मावशीचा लॅपटॉप चार वेळा मागे फिरला होता. दर वेळी कोडची शेपटी, म्हणजे दुसरा तुकडा, २ने सुरू होणारी. मी विचारलं, काही जोडलेलं होतं का? ती म्हणाली, अरे, काहीच नव्हतं. खरंच काही दिसत नव्हतं. मग लॅपटॉप उचलून उजेडात धरला आणि कडेवरून नख फिरवलं, तर एका फटीत किंचित उंचवटा लागला. दाबल्यावर 'टक्‌' करून मेमरी कार्ड बाहेर आलं, जुन्या कॅमेऱ्यातलं. कडेशी इतकं सपाट बसलं होतं की वर्षभर कुणाला दिसलं नव्हतं. ते काढलं आणि पाचव्या प्रयत्नात अपग्रेड सरळ पार पडलं.

जास्तीचा ड्राइव्ह जोडलेला असला की सेटअपच्या मधल्या टप्प्यांत ड्राइव्हची अक्षरं इकडची तिकडे होऊ शकतात. विंडोज १०च्या मे २०१९च्या अपडेटच्या वेळी याच कारणासाठी मायक्रोसॉफ्टने यूएसबी ड्राइव्ह किंवा एसडी कार्ड लावलेल्या मशीनवर अपग्रेड मुद्दाम रोखून धरलं होतं.

जागा, तीही सी ड्राइव्हवरच

मायक्रोसॉफ्टच्या अटीत ६४ जीबी लिहिलेलं असतं ते डिस्कच्या आकाराबद्दल. मोकळी जागा किती हवी हा वेगळा प्रश्न. अपग्रेडच्या वेळी जुनी विंडोज आणि नवी विंडोज एकाच वेळी डिस्कवर असतात, शिवाय डाउनलोड केलेल्या फाइली. मी ३० जीबी मोकळी झाल्याशिवाय हात लावत नाही. डी ड्राइव्हवर २०० जीबी रिकामी असली तरी तिचा इथे उपयोग नाही.

डिस्क क्लीनअप उघडून 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' निवडा. जुन्या अपडेटची अडगळ तिथूनच निघते. तेवढ्याने भागलं नाही तर हायबरनेशन बंद केल्यावर आणखी काही जीबी सुटतात. विंडोज फोल्डरमध्ये शिरून हाताने फाइली पुसू नका. तसं केलेली मशीन मी दुरुस्त केलीत आणि तो त्रास अपग्रेडपेक्षा मोठा असतो.

डिस्कची तब्येत

बहुतेक जण ही तपासणी शेवटी करतात किंवा करतच नाहीत. मी ती इथे, जड कामांच्या आधी ठेवतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्राममध्ये ती एका नजरेत दिसते. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर दोन ओळी बघायच्या : 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'. दुसऱ्या ओळीत शून्याहून वेगळं काही दिसलं, तर डिस्कचे काही भाग वाचताना तिला अडचण येतेय. अपग्रेड तिथेच अडखळत असण्याची शक्यता मोठी.

एका बाईंचा डेस्कटॉप आला होता. शिकवण्यांचं अनेक वर्षांचं साहित्य त्यावर, बॅकअप नाही, आणि आठवडाभर रोज रात्री अपग्रेड लावून ठेवलेलं. पेंडिंगचा आकडा पाहिला आणि मी अपग्रेडचा विषयच बंद केला. आधी फाइली बाहेर काढायला घेतल्या, त्याला अख्खी रात्र लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी डिस्क फर्मवेअरमध्ये दिसेनाशी झाली. आणखी एकदा अपग्रेड लावलं असतं, तर ते साहित्य गेलंच असतं.

डिस्क वाईट निघाली तर इथेच थांबा. डेटा बाहेर काढा, डिस्क बदला. पुढच्या कुठल्याही पायरीने तिला बरं वाटणार नाही.

घड्याळ, चार्जर, मीटर्ड कनेक्शन

तारीख-वेळ चुकलेली असेल तर सुरक्षित कनेक्शन जुळत नाही आणि डाउनलोड अडतं. लॅपटॉप चार्जरवरच हवा. वायफाय 'मीटर्ड', म्हणजे डेटा मोजूनमापून वापरायचा असं, नोंदलेलं असेल तर विंडोज मोठं डाउनलोड आपणहून टाळते. तिन्ही पाच मिनिटांत बघून होतं.

अँटिव्हायरस नुसता बंद करू नका, काढून टाका

दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस 'पॉज' करून उपयोग होत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसलेला असतो आणि पॉज केल्यावरही तिथेच राहतो. नवी विंडोज पहिल्यांदा उठते तेव्हा तो आड येतो. म्हणून पूर्ण अनइन्स्टॉल करा. बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या अवशेष साफ करणारं वेगळं टूल देतात, तेही चालवा. मशीन उघडं पडेल ही भीती नको; दुसरा अँटिव्हायरस गेला की विंडोजचा डिफेंडर स्वतः जागा घेतो. अपग्रेड झाल्यावर हवा तर परत टाका.

हाच न्याय व्हीपीएन, खोटा सीडी ड्राइव्ह दाखवणारे प्रोग्राम आणि 'पीसी वेगवान करतो' म्हणणारी साधनं यांना. कोडची शेपटी ३ने सुरू होत असेल तर मी पहिला हात इथेच घालतो.

डाउनलोड खिळलं असेल तर

विंडोज अपडेटची आणि बिट्सची (मागच्या मागे डाउनलोड करणारी) सर्व्हिस थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन' या फोल्डरचं नाव बदला, मशीन रीस्टार्ट करा. अर्धवट किंवा खराब उतरलेल्या फाइली बाजूला पडतात आणि विंडोज नवं फोल्डर बनवून कोऱ्या पाटीवर सुरुवात करते. फोल्डर पुसण्यापेक्षा नाव बदलणं बरं, काही चुकलं तर परत फिरता येतं.

मला स्वतःला मात्र वेगळी वाट जास्त पसंत आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ची आयएसओ फाइल (अख्खी इन्स्टॉलेशन डिस्क एका फाइलमध्ये) उतरवायची, फक्त तिथूनच, आणि तिच्यावर डबल क्लिक करून आतलं सेटअप चालवायचं. पेनड्राइव्हची गरजच नाही. (पेनड्राइव्हवर न्यायचीच असेल तर लक्षात ठेवा : फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, आणि ही फाइल त्याहून मोठी आहे.) सेटअपच्या पहिल्याच पडद्यावर 'चेंज हाऊ सेटअप डाउनलोड्स अपडेट्स' असा दुवा असतो. तिथे 'नॉट राइट नाऊ' निवडा. मग सेटअप मधेच नवे ड्रायव्हर ओढून आणत नाही आणि गुंता एका घटकाने कमी होतो. पुढे फाइली आणि अ‍ॅप्स ठेवण्याचा पर्याय निवडलेला आहे ना, हे डोळ्यांनी बघून मगच पुढे जा.

जुन्या विंडोजची डागडुजी

कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आधी डिस्मची आज्ञा द्यायची : डिस्मनंतर ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ हे तीन शब्द, प्रत्येकाच्या आधी तिरकी रेघ. ती पूर्ण झाल्यावर एसएफसी, तिरकी रेघ, स्कॅननाऊ. हा क्रम उलटा करू नका. एसएफसी बिघडलेल्या फाइलच्या जागी चांगली प्रत ठेवतं आणि ती प्रत विंडोजच्या आतल्या कोठारातून आणतं. कोठारच खराब असेल तर दुरुस्तीही खराब. डिस्म ते कोठार आधी नीट करतं. मधे टक्के बराच वेळ एका जागी थांबतात, खिडकी बंद करू नका.

ड्रायव्हर

पहिला तुकडा 'सी१९००१०१' असेल आणि अँटिव्हायरस काढूनही फरक पडला नसेल, तर स्टोरेज, ग्राफिक्स आणि वायफाय या तिघांचे ड्रायव्हर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवे घ्या. 'सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करू' असं सांगणारी फुकट साधनं टाळा. मी ती बसवण्यापेक्षा काढायचंच काम जास्त केलंय.

तरीही अडलं तर मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग नावाचं छोटं टूल चालवा. मागे फिरलेल्या अपग्रेडच्या नोंदी ते वाचतं आणि ओळखता आलं तर अडलेल्या ड्रायव्हरचं किंवा प्रोग्रामचं नावच सांगतं. अंदाजाने दहा गोष्टी काढण्यापेक्षा हे बरं.

टीपीएम आणि सिक्युअर बूट

'अटी पूर्ण करत नाही' हा संदेश अनेकदा अर्धसत्य असतो. विंडोज ११ला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय), सिक्युअर बूटची (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उठू देण्याची) सोय असलेलं यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं फर्मवेअर, ४ जीबी रॅम आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढे, एएमडीत साधारण रायझन २०००पासून पुढे. बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम असतं पण फर्मवेअरमध्ये बंद असतं, आणि तिथे त्याचं नाव इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम असं असल्यामुळे शोधणाऱ्याला सापडत नाही. हा बदल करण्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा.

एक धोक्याची जागा इथे आहे. मशीन जुन्या 'लेगसी' पद्धतीने बूट होत असेल आणि तुम्ही फर्मवेअरमध्ये नुसतं यूईएफआय निवडलंत, तर विंडोज उठणारच नाही. घाबरू नका, सेटिंग पूर्ववत केलं की परत उठते. डिस्कची रचना आधी एमबीआर या जुन्या पद्धतीवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर न्यावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे आणि ते 'व्हॅलिडेट' करून नुसतं तपासूनही बघू देतं. तपासणीत ते नाही म्हणालं तर जबरदस्ती करू नका.

अटी चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या आहेत. दुसऱ्याच्या मशीनवर मी त्या करत नाही. पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २४एच२ या आवृत्तीपासून फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज मुळात सुरूच होत नाही.

रिझर्व्हड पार्टिशन

'सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' हा संदेश आला की लोक सी ड्राइव्ह रिकामा करत बसतात. त्याचा इथे संबंध नाही. बूट होण्यासाठी डिस्कवर एक छोटं लपलेलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा काढलेला भाग) असतं, बऱ्याचदा फक्त १०० एमबीचं. त्यात विंडोजने वेगवेगळ्या भाषांचे फॉन्ट ठेवलेले असतात आणि कधी फर्मवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या फाइली. जीपीटी डिस्कवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये माउंटव्हॉल, मग वाय आणि कोलन, मग तिरकी रेघ आणि एस अशी आज्ञा दिली की ते वाय ड्राइव्ह म्हणून दिसतं. त्यातल्या ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट, फॉन्ट्स या मार्गावरच्या फक्त फॉन्टच्या फाइली पुसायच्या. शेजारच्या एकाही फाइलला हात लागला तर मशीन बूट होणार नाही. हे वाचताना मनात थोडी जरी धाकधूक झाली, तर ही पायरी जाणकाराकडून करून घ्या.

कुठे थांबायचं

डिस्कमधून टकटक किंवा खरखर ऐकू आली, की मशीन बंद. आत मोलाचा डेटा असेल आणि बॅकअप नसेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच न्या, घरी आणखी एक साधनही चालवू नका.

निळ्या पडद्यावर बिटलॉकरची की मागितली जातेय आणि ती तुमच्याकडे नाही : फॉरमॅट करू नका, रीसेट करू नका, थांबा. आधी कुटुंबातल्या कुणाच्या खात्यात की साठलीय का ते शोधा.

मशीन ऑफिसचं असेल तर यातलं काहीही करू नका, आयटी विभागाला सांगा. तिथे अपग्रेड अनेकदा धोरणानेच रोखलेलं असतं.

बायोस (म्हणजे फर्मवेअर) अपडेट अर्ध्यात तुटलं आणि पडद्यावर काहीच येत नाही, तर ते दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावरचं काम आहे. विंडोजच्या मेमरी तपासणीत दोष सापडला आणि रॅम उघडून बदलायची सवय नसेल तरीही तेच.

आणि वरचं सगळं करून दोनदा तोच कोड, तीच शेपटी आली तर तिसऱ्यांदा लावू नका. पुढचा उपाय डिस्क पुसून कोरी विंडोज टाकणं हाच उरतो. त्यात प्रोग्राम, परवाने, पासवर्ड सगळं नव्याने बसवावं लागतं. दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर मशीनबरोबर हा कागद द्या : कोडचे दोन्ही तुकडे, किती प्रयत्न केले, काय काय काढलं, डिस्कच्या दोन ओळींतले आकडे. बिटलॉकरची की मात्र कागदावर लिहून देऊ नका, लागेल तेव्हा स्वतः समोर बसून टाका.